खोकल्याची वाट पाहणारी

जमनामायच्या लेखी जगात दोनच तऱ्हेची माणसं होती. एक, ज्यांना तान्हं मूल दूध कसं गिळतं हे दिसतच नाही. आणि दुसरी, ज्यांना ते दिसतं, पण तेवढा वेळ तोंड बंद ठेवता येत नाही. मी पहिल्या तऱ्हेतली होते. गावातल्या सगळ्या सासवा दुसऱ्या तऱ्हेतल्या. नंदुरबारहून आठवड्यातून दोनदा टांग्याने येणाऱ्या डॉक्टरसाहेबांसाठी तिने एक तिसरी तऱ्हा राखून ठेवली होती. तिचं नाव इथे लिहिण्यासारखं नाही.

रनाळ्याला मुलींच्या शाळेत मी शिकवायला आले तेव्हा दुसरी लढाई सुरू व्हायची होती. शाळेमागे कुणा दानशूर घराण्याने बांधलेला धर्मादाय दवाखाना होता. दोन खोल्या, पुढे ओसरी आणि मागे दाईसाठी एक खण. दाईच्या खणाला लागून आणखी एक खण रिकामा होता, तो मला मिळाला. मधली भिंत कुडाची. त्यामुळे जमनामाय कुणाला काय बोलते हे ऐकायला मला कधी उठावं लागलं नाही.

ती मूळची धानोऱ्याची. विधवा, पन्नाशीच्या आसपासची, उंच, हाडापेराने मोठी. तरुणपणी कुठल्याशा मडमेच्या हाताखाली चार वर्षं दाईचं काम शिकलेली. त्या मडमेबद्दलही तिचं मत फारसं बरं नव्हतं. "हात सोच्छ होता तिना, डोकं नही," एवढंच म्हणायची. स्वतःचं मूल तिला नव्हतं, आणि त्याचं दुःखही तिच्या बोलण्यात मी कधी ऐकलं नाही. कुणी कळवळून म्हणालं, "माय, तुले पोरं भलती आवडतस ना?" तर ती उसळून म्हणे, "कोनी सांगं? पोरं रडतस, हागतस. त्यास्मा काय आवडानं शे?"

आणि ते खरंच होतं. मूल गोरं की काळं, बापावर गेलं की आईवर, याकडे तिने कधी पाहिलं नाही. मूल समोर आलं की ती आधी नाकपुड्या बघे, मग हनुवटी, मग हनुवटीखालची ती चिमूटभर जागा, जिथे घोट उतरताना दिसतो. कोपरापर्यंत हात राखेने घासून यायची आणि मुलाच्या पाठीला कान लावून बसायची. तेवढ्यात कुणी, "वजन किती असेल हो?" असं विचारलं, की मान न उचलता "चूप बठ," म्हणायची. ते पाटलाला म्हणतेय की मोलकरणीला, असा फरक त्यात नव्हता.

ती मला एकदा म्हणाली, "मास्तरीन, तुम्ही पोरीस्ले पाढा शिकाडतस. हाई बी पाढाच शे. चोखस, गिळस, दम लेस. चोखस, गिळस, दम लेस. तीन कामं. एक चुकनं का दूध छातीमा गयं. आनि ह्या बायास्ले वाटस, पोट भरानं म्हंजे मडकं भरानं."

मडकं भरण्याचं साधन म्हणजे बोंडलं. टोटीचं, पितळी, घरोघरी असायचं. लांब पाय पसरून त्यावर मुलाला उताणं टाकायचं, मान मागे, आणि टोटी ओठाच्या कोपऱ्यात धरून दूध ओतायचं. मूल रडलं तर उत्तमच, कारण रडताना तोंड उघडं राहतं. शिवाय त्याआधी बाळगोळी, म्हणजे अफूचा अंश, चाटवलेली असायची, कारण आईला कापूस वेचायला जायचं असे. निम्मं गुंगीत असलेलं मूल आणि वरून दुधाची धार. माझ्या आईनेही आम्हां भावंडांना याच पद्धतीने वाढवलं असणार. मी ती पद्धत रोज बघत होते आणि मला तिच्यात काहीही वावगं दिसत नव्हतं. शिकलेल्या बाईला न दिसणाऱ्या गोष्टी किती असतात, याची मोजणी मी पुढे सोडून दिली.

दवाखान्यात कुणी बोंडलं घेऊन आलं की जमनामाय ते हिसकावून घेई. परत देणं नाही. ओसरीच्या खुंट्यांवर अशी सात-आठ बोंडली लटकत होती, आणि रोज सकाळी त्यातल्या एकाने ती तुळशीला पाणी घाली. वर म्हणे, "तुळसले ठसका लागस नही."

एका गोष्टीत मात्र तिची मान खाली झुकलेली मी पाहिली. ज्वारी काढायला सातपुड्यातून मजूर उतरले होते. त्यांतली एक पावरा बाई, विशीचीही नसेल, दुपारी दवाखान्याच्या पायरीशी येऊन बसली. पायात काटा मोडला होता. तिच्या झोळीतलं मूल तीन महिन्यांचं असेल. त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत आणि आत तोंडातली टाळूही फाटलेली होती. ओसरीवरच्या बाया ते पाहून मागे सरकल्या. एकीने पदर तोंडाला लावला, एक म्हणाली, "देवना कोप, माय." दुसरी म्हणाली, "हाई कसं जगनं?"

"हाई कसं जगनं?" हा प्रश्न जमनामायलाही पडला होता, फक्त तो तिने खरोखर विचारला. असं मूल दूध ओढूच शकत नाही, ओढलं तरी ते नाकातून बाहेर येतं. तिने पाहिलेली अशी सगळी मुलं महिन्याच्या आत गेली होती. आणि हे तर चांगलं बाळसं धरलेलं. काटा काढून झाल्यावर ती त्या बाईसमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि हाताने खूण केली : पाज. बाईला आमची बोली येत नव्हती, आम्हांला तिची. तिने क्षणभर जमनामायकडे पाहिलं आणि मुलाला आपल्या मांडीवर समोरासमोर, ताठ, घोड्यावर बसवावं तसं बसवलं. मग छाती दाबून दुधाची एक बारीक चिळकांडी त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला सोडली. थांबली. मुलाने गिळलं. नाकातून थोडं आलं, ते तिने बोटाने पुसलं. मूल खोकलं. ती थांबली. त्याचा श्वास सुरळीत झाल्यावर पुन्हा एक चिळकांडी.

असं तासभर चाललं. जमनामाय तसूभर हलली नाही. बाई उठून निघाली तेव्हा जमनामायने आपली धड असलेली चादर तिच्या झोळीत टाकली आणि ओसरीकडे वळून म्हणाली, "देखं का? तिले कोनी शिकाडं नही. डोंगरमा ना डॉक्टर, ना मडम. पोरगं काय सांगस ते आयकीसन ती पाजस. आनि तुम्हले चार चार सासवा शिकाडतस तरी तुम्हना डोकामा उजेड नही."

त्यानंतर ती सगळ्याच अशक्त मुलांना ताठ बसवून पाजू लागली. कुणी विचारलं तर सांगे, "हाई मी डोंगरवालीपासून शिकनू." डॉक्टरसाहेबांनाही तसंच सांगितलं. साहेब हसले. त्यांना ती गंमत वाटली.

हे साहेब म्हणजे करड्या कोटातले, सुगंधी तेल लावणारे गृहस्थ. दवाखान्यात येऊन ते आधी चहा घेत, मग हात धूत, मग पुन्हा चहा घेत. इंग्रजी नावं मोठ्याने उच्चारली की आजार निम्मा बरा होतो अशी त्यांची श्रद्धा होती. मुलांच्या बाबतीत त्यांचं एकच तत्त्व : जे मूल गप्प, ते ठीक. आई-बापांनाही ते तत्त्व फार आवडे.

पाटलाच्या सुनेला आठव्या महिन्यातच मुलगा झाला तेव्हा या तत्त्वाची परीक्षा झाली. मूल ओंजळीत मावेल एवढं. बाळंतिणीला जमनामायनेच सोडवलं. तिने पाटलीणबाईला सांगितलं, "याले अजून चोखता येस नही, आनि खोकता तर मुयीच येस नही. आईनं दूध वाटीमा काढा, कापूसना बोया करा, थेंब थेंब द्या. पोरगं ताठ धरा. बोंडलं दिधं तर मरी जाई."

पाटलीणबाई म्हणजे गावातलं शेवटचं न्यायालय. पहिल्या नातवाच्या घरात पाहुण्यांसमोर 'मरी जाई' हा शब्द काढणारी दाई तिला सहन होणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांना खास बोलावणं गेलं. मी बाळंतिणीला भेटायला म्हणून गेले होते, त्यामुळे पुढचं माझ्यासमोर घडलं.

साहेबांनी नळी लावली, डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "छाती स्वच्छ. खोकला नाही, किरकिर नाही. अगदी गुणी मूल आहे. वरचं दूध द्यायला हरकत नाही."

जमनामाय दाराशी उभी होती. म्हणाली, "सायेब, कुत्रं भुंकस नही म्हनीसन घरमा चोर नही, असं म्हनतस का तुम्ही?"

"म्हणजे?"

"गळाना कुत्रा म्हंजे खोकला. दूध वाट चुकनं का तो भुंकस. ह्या पोऱ्याना कुत्रा लहान शे. त्याले अजून भुंकता येस नही. दूध छातीमा जाई, आनि हाई गुपचूप निळं पडी. तुम्हनी नळीले काय ऐकू येई?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "दाई, तुझं काम नाळ कापायचं. छातीचं आम्ही बघू."

"बघा मंग," ती म्हणाली आणि चपला घालून निघून आली. मीही तिच्यामागे निघाले. घरी येऊन तिने स्वच्छ कापसाचे बोळे वळायला घेतले. एकेक बोळा बोटभर, टोकाशी निमुळता. मी म्हटलं, "आता कशाला? त्यांनी तर तुम्हांला घालवलं." ती म्हणाली, "बोलावतीन. जितं ऱ्हायनं तर."

चौथ्या दिवशी भर दुपारी शाळेची मधली सुट्टी झाली होती आणि मी डबा उघडत होते, तेवढ्यात पाटलाचा गडी धावत आला. जमनामायने त्याला काही विचारलंही नाही. बोळ्यांचं गाठोडं उचललं आणि चालू लागली. चालू लागली म्हणजे मला तिच्यामागे पळावं लागलं.

पाटलीणबाई माजघरात पाय पसरून तशीच बसली होती. बोंडलं हातातच होतं. मांडीवरचं मूल शाईसारखं निळं, हातपाय सैल. सून भिंतीला टेकून उभी होती. जमनामायने मूल उचललं, आपल्या डाव्या हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि बोटाला फडकं गुंडाळून तोंडातलं दूध टिपलं. मग पाठ चोळू लागली, खालून वर. कुणी रडायला सुरुवात केली तर तिने फक्त एकदा त्या दिशेला पाहिलं. रडणं थांबलं. ती चोळतच राहिली. मुलाच्या पाठीची एक शीर हलली, मग बरगडी वर आली, आणि मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला.

रंग परत येईपर्यंत तिने मूल तसंच पालथं धरून ठेवलं. मग पाटलीणबाईला विचारलं, "खोकलं का?"

"नही वो माय," पाटलीणबाईचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. "जराबी खोकलं नही. पी ऱ्हायनं होतं, आनि एकदम निळं पडनं."

"हां. गुणी पोऱ्या शे ना तो," जमनामाय म्हणाली.

मग तिने आपल्या अटी सांगितल्या. मुलाला आई पाजेल किंवा ती. दुसरं कुणी नाही. पाजताना खोलीत कुणी यायचं नाही, पाटलीणबाईने तर नाहीच. बाळगोळीची डबी तिने स्वतः उकिरड्यावर फेकली. पाटलीणबाईने मान हलवली. या घरात तिने मान हलवणं म्हणजे काय, हे रनाळ्याबाहेरच्या माणसाला कळायचं नाही.

रोज उजाडताच जमनामाय पाटलाकडे जाई आणि दिवस मावळताना परत येई. तिचं बघून सूनही शिकली. थेंब, घोट, श्वास. थेंब, घोट, श्वास. पहिल्या आठवड्यात वाटीभर दुधाला सकाळची दुपार होई. हळूहळू मूल बोळा चोखू लागलं, मग अंगावर पिऊ लागलं. तरी जमनामायचं समाधान होईना. ती वाट बघत होती. कसली, ते मला एका रविवारी कळलं.

त्या दिवशी शाळा नव्हती म्हणून मी तिच्याबरोबर गेले होते आणि तिने मला कोपऱ्यात बसू दिलं होतं. मूल दीड महिन्याचं झालं होतं. आई पाजत होती, दूध थोडं जोरात आलं, मुलाने डोळे विस्फारले. चेहरा लाल झाला. निळा नाही, लाल. आणि ते खोकलं. खक्. इवलासा, कोरडा. आणि पुन्हा, खक्, खक्. मग त्याने श्वास घेतला आणि संतापून रडू लागलं.

पाटलीणबाई दाराबाहेरून आत धावली. "अरे देवा! आते खोकला बी लागना! बोलावा कोनी वैदूले, ओवा शेका..."

जमनामाय हसत होती. मी तिला तोपर्यंत कधी हसताना पाहिलं नव्हतं. तिचे बाजूचे दोन दात पडलेले आहेत हे मला त्या दिवशी कळलं. "उना!" ती म्हणाली. "खोकला उना, पाटलीन, उना! वाजाडा ढोल! तुम्हना नातूले खोकता उनं!" तिने खरोखर दोन्ही हातांनी टाळी वाजवली. मुलाची आई रडत आणि हसत होती. पाटलीणबाई मात्र आमच्याकडे अशी बघत राहिली, जणू घरात दोन वेड्या शिरल्या आहेत आणि तिसरी तिची सून आहे.

बारसं उशिरा पण थाटात झालं. डॉक्टरसाहेबांना हार घातला गेला. पाटलाने त्यांना चार शब्द बोलण्याची विनंती केली, आणि साहेबांनी पाऊण तास बोलून ती मान्य केली. नाजूक प्रकृतीच्या अर्भकाला आधुनिक उपचार वेळीच मिळाले तर काय होऊ शकतं, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. जमनामाय बायकांच्या पंगतीत कडेला बसून भाकरी मोडत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "बोलू द्या. बोलस तवय तो कोनले हात लावस नही. तितलंच बरं."

पण त्या मुलाने तिचं नाव झालं, हेही खरं. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या येऊ लागल्या. आणि नाव झालं तशी तिची जीभ आणखी सुटली. पूर्वी ती सासवांना बोले, आता आलेल्या प्रत्येकीला. सगळ्यांसमोर, नावानिशी. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडायचं. शाळा सुटली की मी ओसरीच्या कडेला खुर्ची टाकून बसे. पुण्यात लोक गाण्याला जात, मी जमनामायची बोलणी ऐकायला.

हिरा त्या ओसरीवरच आली होती. ती माझी विद्यार्थिनी. चौथीपर्यंत शिकली, अक्षर सुंदर, पण कुणी जरा आवाज चढवला की बोलायची बंद व्हायची. सतराव्या वर्षी पहिली मुलगी झाली. मुलगी महिन्याची होती, पिताना सारखी खोकत होती, म्हणून हिरा तिला घेऊन आली. जमनामायने तिला पाजायला सांगितलं. हिराने घाबरून मुलीला मांडीवर उताणं टाकलं.

"देखा, देखा!" जमनामाय ओसरीवरच्या सगळ्या बायांना म्हणाली. "हाई चार बुकं शिकेल शे! मास्तरीननी पोरगी! बकरीले बी समजस पिलू कसं पाजानं, हिले समजस नही. तुन्हा हात शेतस का लाकडं शेतस?"

बाया हसल्या. मीही हसले. हिराने माझ्याकडे पाहिलं, ते मला अजून दिसतं.

जमनामायने नंतर तिला नीट दाखवलं. मुलगी ताठ कशी धरायची, कधी थांबायचं. उपाय बरोबर होता. "आठ दिनमा परत ये," म्हणाली. हिरा आली नाही.

तीन आठवड्यांनी शाळेत एका मुलीने सांगितलं की हिराची मुलगी गेली. मी भेटायला गेले. हिरा कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसली होती. सासू बाहेर भांडी घासत होती. ती वाईट बाई नव्हती, फक्त तिचाही बाळगोळीवर विश्वास होता. हिरा माझ्याशी शाळेतल्यासारखी मराठीतच बोलली.

"बाई, ती खोकायची थांबली. मला वाटलं, बरी झाली. मग तिला धाप लागायला लागली. नाकातून फेस यायचा. सासूबाई म्हणाल्या, ने जमनामायकडे. मीच नाही म्हटलं."

"का गं?"

"त्या परत सगळ्यांसमोर बोलल्या असत्या."

 ती आणखी म्हणाली, "तुम्ही पण तिथे बसलेल्या असता."

परत आले तेव्हा जमनामाय अंगणात कापूस पिंजत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. तिचे हात थांबले. पिंजलेला कापूस तिने खाली ठेवला. मग विचारलं, "खोकला कवय बंद व्हयना?"

"जायच्या आधी चार दिवस."

"चार दिन," ती म्हणाली. "चार दिन मी अठेच होतू. शंभर पावलंवर." आणि नंतर, माझ्याकडे न बघता, "पोरीले खोकता येत होतं. तिले सांगता उनं तितलं तिनं सांगं. आयकनारं कोनी नव्हतं."

मला वाटलं ती रडेल, किंवा निदान म्हणेल की आता मी कुणाला बोलणार नाही. गोष्टींतली माणसं असं म्हणतात. जमनामाय उठली, हात धुतले आणि चपला घालून बाहेर पडली. त्या दिवसापासून दवाखान्यात कुणी येण्याची वाट बघणं तिने सोडून दिलं. रोज दुपारी, जेवण झाल्यावर, जिथे तीन महिन्यांच्या आतलं मूल असेल त्या प्रत्येक घरी ती स्वतः जाई. आधी गावात, मग मळ्यांत, मग शेजारच्या वाड्यांवर. उन्हातान्हात, पायांना भेगा. मी एकदा म्हटलं, "माय, त्यापेक्षा थोडं गोड बोलाल तर बाया आपणहून येतील."

"मन्हं तोंड आते सुधरावनार नही," ती म्हणाली. "पाय शेतस. ते चालतस."

आणि तोंड सुधारलं नाहीच. दारात उभं राहूनही ती बोलायची. पण एवढं खरं, की आता ज्या बाईला बोलायची, ती आपल्या घरात असायची आणि ऐकायला मी किंवा दुसरं कुणी नसायचं. मी माझी खुर्ची ओसरीवरून उचलून आत ठेवली. एवढंच माझं प्रायश्चित्त. सांगण्यासारखं ते नाही, पण दुसरं काही मी केलं असं सांगता येणार नाही.

दोन वर्षांनी हिराला मुलगा झाला. सोडवायला तिने नंदुरबारची दाई बोलावली. बरोबरच केलं. जमनामायला निरोप गेला नाही, पण बातमी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती हिराच्या घरासमोर जाऊन उभी राहिली. हिराने दार लावून घेतलं. जमनामाय थोडा वेळ उभी राहून पुढच्या घरी गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा. गावाने यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. पाटलीणबाई म्हणाली, म्हातारीचं डोकं फिरलं. डॉक्टरसाहेबांनीही चहा पिता पिता ती बातमी चवीने ऐकली. हिराची सासू एकदा बाहेर येऊन, "घरमा या वो," म्हणाली, तर जमनामाय म्हणाली, "तिनं सांगं तर येसू."

तीन आठवडे हे चाललं. तेवढ्यात माझी बदलीची ऑर्डर आली.

निघायच्या दिवशी सामान गाडीत चढवलं. जमनामायला निरोप द्यायला गेले तर खणाला कडी. दुपारची वेळ, ती घरी असणारच नव्हती. निरोप घेणं वगैरे भानगडी तिला मान्य नव्हत्या; आदल्या दिवशी माझ्या मडक्याला तडा गेलेला पाहून "नवं ले, हाई वाटमा फुटी," एवढंच तिने मला सांगितलं होतं. गाडी निघाली आणि हिराच्या गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा मी गाडीवानाला जरा थांबायला सांगितलं.

जमनामाय नेहमीच्या जागी उन्हात उभी होती. दार उघडलं. हिरा मुलाला घेऊन बाहेर आली. तिने जमनामायकडे पाहिलं नाही, या म्हणाली नाही. ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसली आणि पदराआड मुलाला पाजू लागली. बऱ्याच वेळाने तिने डाव्या हाताने आपल्या शेजारची जागा झाडली. दोनदा.

जमनामाय ओटा चढली आणि त्या जागेच्या जरा अलीकडे बसली. हात मांडीवर ठेवले. हिराचं डोकं खाली होतं, खांदे वर ओढलेले. मार चुकवणाऱ्या माणसाचे असतात तसे. मी वाट बघत होते. आता काहीतरी बोलेल. कोपर चुकलं असेल, मान चुकली असेल, काहीतरी चुकलंच असेल. जमनामायच्या डोळ्यांना न सापडणारी चूक अजून कुणा आईने केली नव्हती.

गाडीवान म्हणाला, "बाई, आगगाडी चुकी जाई." बैल हलले. मी मान वळवून गल्ली दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. हिराचे खांदे हळूहळू खाली आले होते. जमनामाय काहीच बोलली नव्हती.